करारावर अंगठा कुणाचा? (सामाजिक करार, सरकार आणि आपण: मंचावरची चर्चा, प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पायवाट

गेल्या महिन्यात गावाकडचं घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत घडी घातलेला एक कागद मिळाला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालची नोटीस. कोपऱ्यात आजोबांचं नाव आणि शेजारी फिकट झालेला अंगठा. आमचं जुनं गाव साठच्या दशकात एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं. मी नव्या वसाहतीत जन्मले, त्यामुळे जुनं गाव मला फक्त आजीच्या बोलण्यातून माहीत.

मुलगी बी.ए.ला राज्यशास्त्र घेऊन शिकते आहे. त्याच आठवड्यात ती सामाजिक कराराचा सिद्धान्त वाचत होती: माणसं आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग राज्याच्या हाती देतात, बदल्यात राज्य त्यांचं रक्षण करतं. कागद हातात घेऊन तिने विचारलं, "आई, पणजोबांनी केलेला करार तो हाच का?"

मला उत्तर देता आलं नाही. तो अंगठा संमतीचा नाही, नोटीस मिळाल्याची पोच आहे. कायद्यात हरकत घ्यायला तीस दिवस होते खरे, पण हरकत ऐकणारं आणि जमीन घेणारं सरकार एकच. धरणाला माझा विरोध नाही. त्या पाण्यावर आज हजारो एकर बागायत उभी आहे आणि तीही माणसंच आहेत. मला समजून घ्यायचंय ते एवढंच: लोकांच्या संमतीवर सरकार उभं असतं असं आपण म्हणतो, तेव्हा ती संमती नेमकी कधी, कुठे आणि कुणी दिलेली असते? माझ्या आजोबांनी दिली होती का? जाणकारांनी जरूर लिहावं.

ओसरी

पायवाट, फार मोलाचा प्रश्न आहे. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जचं 'लेव्हायथन' हे पुस्तक १६५१ चं. त्याआधी दोनच वर्षं इंग्लंडने आपल्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद केला होता. यादवी युद्धाने पोळलेला हा माणूस. त्याचं म्हणणं असं की राज्यच नसेल तर प्रत्येकाला प्रत्येकाची भीती, म्हणून सगळ्यांनी मिळून एका सत्तेच्या हाती सर्व काही सोपवावं. त्याच्या मांडणीत एक बाब नेहमी निसटते. करार लोकांनी आपापसांत केलेला असतो. राजा त्यात पक्षकारच नसतो, त्यामुळे राजाने करार मोडला असं म्हणायची सोयच राहत नाही.

दुसरा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक १६८९ मध्ये वेगळी मांडणी करतो. त्याच्या मते जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे हक्क सरकारच्या आधीपासून माणसाकडे असतात. सरकार विश्वस्त आहे. विश्वस्ताने घात केला तर त्याला काढायचा अधिकार लोकांचा. पण संमती कुठे दिली, या तुमच्या प्रश्नावर लॉकचं उत्तर मला कायम तोकडं वाटत आलंय. तो म्हणतो, राज्याच्या हद्दीत जमीन बाळगलीत, नुसते राजरस्त्याने गेलात, तरी मूक संमती झाली. त्यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये विचारलं की झोपेत असताना ज्याला जहाजावर चढवलं, तो केवळ समुद्रात उडी मारत नाही म्हणून कप्तानाला त्याची संमती आहे असं म्हणायचं का? ज्याला फक्त आपल्या गावची भाषा आणि रीत ठाऊक आहे, रोजच्या मजुरीवर जो जगतो, त्याला 'पटत नसेल तर देश सोड' हा पर्याय देणं म्हणजे पर्यायच न देणं. ह्यूमला क्रांती वगैरे नको होती. पण हा प्रश्न त्याने असा विचारून ठेवलाय की आजवर कुणाला तो नीट बाजूला सारता आलेला नाही.

'सामाजिक करार' हे पुस्तक लिहिणाऱ्या रूसोबद्दल (१७६२) एकच सांगते. इंग्रज लोक स्वतःला स्वतंत्र समजतात, पण ते पार्लमेंटचे सभासद निवडण्यापुरतेच स्वतंत्र असतात, असं त्याचं मत होतं. मतदानाच्या दिवशी आपल्या मनात जे येतं, त्याच्या फार जवळचं आहे हे.

पिंपळपान

यात दोन भारतीय मांडण्यांची भर घालतो, कारण हॉब्ज-लॉकच्या कितीतरी शतकं आधी हा विचार आपल्याकडे झालेला आहे.

पहिली दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तातली. तांदूळ आपोआप उगवत होता, कोंडा नाही की तूस नाही. लोकांनी साठे करायला सुरुवात केली तेव्हा तो तसा उगवणं थांबलं. मग शेतं वाटून घेतली, बांध पडले, चोरी आली, खोटं बोलणं आलं, मारहाण आली. तेव्हा लोक एकत्र जमले आणि त्यांनी आपल्यातलाच एक निवडला: ज्याच्यावर रागवायला हवं त्याच्यावर तू रागव, ज्याला हाकलायला हवं त्याला हाकल, आम्ही तुला आमच्या भातातला वाटा देऊ. महाजनांनी, म्हणजे सगळ्या लोकांनी, संमत केलेला म्हणून त्याचं नाव महासम्मत. इथे राजा देवाने पाठवलेला नाही. तो भातावर ठेवलेला माणूस आहे.

दुसरी कौटिल्याची. मत्स्यन्यायाने, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो तसल्या कारभाराने, गांजलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा, विक्रीच्या मालाचा दहावा भाग देऊ केला. त्या बदल्यात राजा योगक्षेम पाहील. मात्र ही गोष्ट 'अर्थशास्त्रा'त कुठे येते ते बघा. पहिल्या अधिकरणाच्या तेराव्या अध्यायात, गुप्तहेरांच्या तोंडी! तीर्थाच्या ठिकाणी, सभेत, जिथे लोक जमतात तिथे दोन हेरांनी भांडण काढायचं. एकाने म्हणायचं, राजा दंड आणि करांनी छळतो. दुसऱ्याने ही मनूची कथा सांगून त्याला गप्प करायचं.

म्हणजे तीच कथा, पण सुत्तात ती सत्ता कुठून आली हे लोकांना आठवून देण्यासाठी येते आणि अर्थशास्त्रात लोकांनी कुरकुर करू नये म्हणून. पायवाट, करार झालाय असं कुणी सांगू लागलं की ते कोण सांगतंय हे मी आधी पाहतो.

निळी पहाट

वाचतेय. हेरांच्या तोंडची गोष्ट माहीत नव्हती, त्याबद्दल आभार.

सातबारा

मी महसूल खात्यात ३४ वर्षं नोकरी केली. पायवाटताई, तुमच्या कागदासारख्या नोटिसा मी स्वतः बजावल्या आहेत. दवंडी द्यायची, चावडीवर नोटीस डकवायची, पंचनामा करायचा, निवाडा जाहीर झाला की मोबदला वाटायचा. वाटपाच्या दिवशी काही माणसं पैसे घ्यायला येतच नसत. ते अजून आठवतं.

तरीही दुसरी बाजू मांडतो. १९७२ चा दुष्काळ मी पाहिलाय. धरण नसतं तर माणसं कुठे गेली असती? प्रत्येकाची संमती घेत बसलं तर एक बंधारा होणार नाही. कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो आणि तो आपण निवडून दिलेल्या माणसांनी घेतला की तो आपला मानावा लागतो. शाळा, दवाखाना, रस्ता, रेशन आपण वापरतो. घेताना करार मान्य आणि देताना अमान्य, हे मला पटत नाही.

करार बरा कसा असतो, तेही त्याच दुष्काळाने दाखवलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांच्या प्रयत्नातून रोजगार हमी उभी राहिली. १९७५ पासून शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तो या योजनेसाठी. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गावातल्या माणसाने काम मागितलं की ते देणं सरकारवर बंधनकारक. मुंबईतला कारकून आणि खडी फोडणारी बाई यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण त्यांच्यात करार झाला होता. मस्टरवर मी त्या बायांची नावं लिहिली आहेत.

पायवाट

सातबारा काका, तुम्ही लिहिलंत याचा मनापासून आनंद झाला. रोजगार हमीचं उदाहरण मुलीला वाचून दाखवलं. पण त्यातच मला फरक दिसतो. तिथे बाई म्हणू शकत होती, "मला काम द्या, कायदा आहे." तिच्या हातात काहीतरी होतं. आजोबांच्या हातात काय होतं? महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा १९७६ मध्ये आला. देशातला असा पहिला कायदा म्हणून त्याचा अभिमान आहेच, पण आमचं गाव त्याआधीच पाण्याखाली गेलं होतं. २०१३ च्या कायद्याने खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते असं ठरवलं. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र संमतीची अट तेव्हाही नाही. म्हणजे कंपनीने विचारायचं, सरकारने विचारायची गरज नाही, कारण सरकार म्हणजे आपणच. हे 'आपणच' मला कळून घ्यायचंय.

वकीलपत्र

पायवाट यांच्या शेवटच्या वाक्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयात एकदा थेट सुनावणी झाली आहे, असं मी म्हणेन. हॉब्ज की लॉक, हा वाद तिथे पुस्तकात राहिला नाही, माणसांच्या जिवापर्यंत गेला.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने संविधानाच्या १४, २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ या कलमांखालचे हक्क न्यायालयात मागायची मुभा थांबवली गेली. मिसा या कायद्याखाली खटला न चालवता पकडलेल्यांनी देशभर हेबियस कॉर्पसचे, म्हणजे आम्हाला न्यायालयापुढे आणून अटक तपासा असे, अर्ज केले. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की अटक कायद्याला धरून आहे का, एवढं तरी आम्ही तपासू. सरकार अपिलात गेलं. एडीएम जबलपूर खटला तो हाच.

सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की कलम २१ मध्ये जीवितही आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार केलं, तरीही उपाय नाही का? डे यांचं उत्तर होतं की आणीबाणी आहे तोवर नाही.

२८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं: स्वातंत्र्याचा हक्क राहतो कुठे, तर कलम २१ मध्ये. ते कलम झाकलं, की मागायला काही उरत नाही. खन्ना एकटे म्हणाले की कलम २१ नसतं तरीही कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचं जीवित आणि स्वातंत्र्य हिरावून घ्यायचा अधिकार राज्याला नाही. संविधानाने तो हक्क दान केलेला नाही, संविधानाने त्याची ओळख पटवली आहे.

बघा, सगळा सामाजिक करार इथे आहे. हक्क आधी की सरकार आधी? आपण सरकारला काही दिलं की सरकारने आपल्याला काही दिलं?

जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ ही कलमं आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत असं ठरलं. तो निकाल उघडपणे रद्द व्हायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो चुकीचा ठरवला. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मी ते निकालपत्र वर्षातून एकदा तरी उघडतो.

कंदील

वकीलपत्र, तुम्ही लिहिलेलं वाचून हात थांबला. माझे वडील त्या काळात तेरा महिने आत होते. मी सात वर्षांची होते. आई महिन्यातून एकदा भेटायला जायची आणि परत आली की काही बोलायची नाही. निकालाची बातमी आली त्या दिवशी आईने रेडिओ बंद केला, एवढंच आठवतं.

त्याआधी डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला होता आणि समोर स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण बसले होते. पुढे दुर्गाबाईंनाही तुरुंगात टाकलं. आईने त्यांच्या भाषणाचं कात्रण देवघरात ठेवलं होतं. मूक संमती म्हणतात ना, ती आमच्या घराने दिली नव्हती. एवढं नोंदवून ठेवावं म्हणून लिहिलं.

मोहफूल

संमती रोज कशी देता-घेता येते, याचं एक उदाहरण गडचिरोलीत आहे. मी धानोरा तालुक्यात काही वर्षं काम केलं, म्हणून लिहितो.

मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहान गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते. ती आली कुठून हे कमी लोकांना ठाऊक आहे. पायवाट, ती धरणाच्या विरोधातून आली. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपाळपट्टणम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झालं. आपलं म्हणणं कोण ऐकणार, हा प्रश्न त्यातूनच या गावाला पडला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाबरोबर त्याचं उत्तर शोधलं. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचा जरी विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं. ग्रामसभेच्या आधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा.

बाहेरून हे भाबडं वाटतं. प्रत्यक्षात वेळ फार लागतो, हे मान्य करतो. पण एकदा ठरलं की अंमलासाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याकडेच. खात्याच्या लेखी बांबू म्हणजे झाड, नव्या कायद्यात तो गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचा. हक्क कागदावर, किल्ली दुसऱ्याच्या खिशात! अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. सत्तेचा तोल बदलला म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसलं. पावती फाडणारा हात बदलला.

निळी पहाट

मोहफूल, मेंढ्याबद्दल आदर आहे. पण 'गाव हेच सरकार' हे वाक्य ऐकलं की माझ्या घरातल्या मोठ्यांच्या अंगावर काटा येतो आणि तेही इथे लिहिलं पाहिजे.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानसभेत बाबासाहेबांनी गावाला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं होतं आणि संविधानाने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला याचा आनंद व्यक्त केला होता. कारण गावाचा करार आमच्याशी कधी झालाच नव्हता, आमच्याविरुद्ध झाला होता.

महाड बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा सर्वांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सरकारचा कागद झाला, नगरपालिकेचा कागद झाला. तळ्याला हात लावता येईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. परतीच्या लोकांवर लाठ्या चालल्या. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयात विजय मिळाला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं एका ओंजळीसाठी.

म्हणून मला मोठं सरकार हवं आहे. गावच्या वरचं, ज्याच्या दारात जाता येईल असं. सरकारची सत्ता कमी झाली की लोकांची वाढते, असं नेहमी होत नाही. कधी कधी ती फक्त पाटलाची वाढते. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तोही याचाच पुरावा.

मोहफूल

मान्य. पूर्ण मान्य. मेंढ्यात गाव जवळजवळ एकाच समाजाचं आहे, हा फरक मी लिहायला हवा होता. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

ओसरी

निळी पहाट यांच्या मुद्द्याला जोडून एक. जोतीरावांनी तरुणपणी, १८४७ च्या सुमारास, टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं. पेनचा आग्रह असा की मेलेल्या पिढीने केलेला करार जिवंतांना बांधू शकत नाही. पुढे १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात फुल्यांनी हिशेब मांडला: सरकारी तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. कर कोण देतं आणि परत कुणाला मिळतं, एवढाच प्रश्न. सामाजिक करार याहून सोप्या भाषेत मला कधी शिकवता आला नाही.

मांडवी

पणजीहून लिहितोय. संमती कधी दिली, असं पायवाट विचारतात. आमच्याकडे तारीख आहे. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर गोव्याच्या लोकांचा कौल घेतला गेला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. माझे आजोबा विलीनीकरणवादी होते, ते हरले. पण मरेपर्यंत म्हणायचे, "आमकां विचारलें." हरलेल्या माणसानेही निकाल आपला मानला, तो त्या एका शब्दामुळे.

सातबारा

मांडवी यांचं लिहिणं मनाला लागलं. पायवाटताई, एक सुचवतो. निवाड्याची मूळ नस्ती (फाइल) अभिलेख कक्षात असू शकते. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. कलम ८(३) लिहायला विसरू नका. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, दोन-तीन अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. नुसती प्रत मागू नका, नस्ती पाहायला मागा. गावाचं नाव, तालुका आणि जुना गट किंवा सर्व्हे नंबर द्या. हरकतींची यादी निवाड्याच्या मागे जोडलेली असते.

पायवाट

दोन महिन्यांनी लिहितेय. काकांनी सांगितलं तसा अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, पहिलं अपील केलं, मग बोलावलं. मुलगी बरोबर होती.

नस्ती मिळाली. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण वाचता येते. हरकतींच्या यादीत आमच्या गावच्या २६ नोंदी. अकरावी आजोबांची. लिहिणारा दुसराच कुणी असणार, आजोबांना अक्षर येत नव्हतं. आम्ही घरात कायम असं समजत होतो की आजोबांनी धरणाला विरोध केला आणि हरले. तसं नाही. त्यात लिहिलंय: धरण व्हावे यास हरकत नाही, मात्र गाव फोडू नये, सर्वांस एके ठिकाणी बसवावे, आणि नव्या जागी धरणाचे पाणी शेतीस मिळावे.

शेवटच्या रकान्यात एकच शेरा, सव्वीसच्या सव्वीस नोंदींपुढे: विचार केला, नामंजूर.

गाव तीन तालुक्यांत विखुरलं. आमच्या वसाहतीच्या शेतीला कालव्याचं पाणी आजही नाही. म्हणजे ओसरी, आजोबा संमती देत होते. अटी सांगून देत होते. करार त्यांनीच मांडला होता. समोरच्याने वाचून बाजूला ठेवला.

सातबारा

ताई, त्या पानाची प्रमाणित प्रत घेतलीत का? साध्या झेरॉक्सला पुढे कुणी विचारत नाही. आणि वसाहत लाभक्षेत्राच्या नकाशात कुठे पडते ते पाटबंधारे विभागाकडून लेखी मागा. कालवा वसाहतीच्या वरून जातो की खालून, यावर सगळं आहे. खालून जात असेल तर उपसा मागता येईल. वसाहतीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे घ्या, पण अर्ज आधी सगळ्यांना वाचून दाखवा.

पायवाट

प्रत घेतली आहे, शिक्क्यासह. कालवा खालून जातो. रविवारी वसाहतीच्या समाजमंदिरात बैठक ठेवली आहे, अर्ज मुलगी वाचणार आहे. उरलेल्या दोन तालुक्यांतल्या आमच्या लोकांनाही निरोप गेलाय. काका, तुम्हाला यायला जमेल का?

सातबारा

येतो. वेळ कळवा.